व्यायामानंतरची भूक : बेळगाव-खानापूर-निपाणीकरांनो, तुमचे अनुभव लिहा

टिळकवाडीची ताई (धागाकर्ती)

किती किलो उतरले ते इथे कुणी लिहू नका, ही पहिली विनंती. तसे धागे ढिगाने आहेत, आणि ते वाचून माणूस एक तर हुरळतो नाहीतर खचतो. मला विचारायचं आहे ते असं : व्यायाम सुरू केल्यावर भूक तुम्हाला नेमकी किती वाजता गाठते, आणि त्या वेळी हाताला काय लागतं? आपल्या भागातल्यांनी लिहा. मोठ्या शहरांतल्या आहारतक्त्यात किनोआ आणि अव्होकाडो असतात. आपल्याकडे डब्यात शेंगदाण्याची चटणी असते आणि कोपऱ्यावर मिरची भजी.

सुरुवात मी करते. सकाळी वॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात झाडांखालून भरभर चालते. घरी आल्यावर भूक अशी नसतेच, त्यामुळे चहा आणि दोन टोस्ट एवढ्यावर भागायचं. मग साडेअकराला ऑफिसात पोटात कावळे ओरडायचे, आणि नेमका त्याच वेळी कुणाच्या तरी बढतीचा कुंदा, म्हणजे आपली बेळगावी दुधाची मिठाई, टेबलावर यायचा. आता भूक असो नसो, साडेआठला मुगाची दोन धिरडी आणि वाटीभर दही खाऊनच निघते. कुंदा अजूनही येतो. एक चमचा घेते आणि डबा पुढे सरकवते. आधी हे जमत नव्हतं, कारण पोट रिकामं असायचं. मनोनिग्रह वगैरे मी कुठूनही आणलेला नाही.

अनगोळचा जुना गडी

ताई, आमचं दुखणं उलटं आहे. तालमीत होतो तेव्हा भूक ही चांगली गोष्ट होती. वस्ताद विचारायचे, "खातोस किती?" रात्री भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी दगडी कुंडीत सोट्यानं घोटायची, इतकी की बोटाला कण लागला तर पुन्हा घोटायला बसवायचे. वर दूध, वर तूप. पण तेव्हा पहाटे हजारात बैठका आणि दुपारनं माती. खाल्लेलं सगळं घामावाटे जायचं.

मग नोकरी लागली, लग्न झालं, तालीम सुटली. खुराक सुटला नाही की ओ! आमच्या बॅचचे निम्मे गडी आज ढेरी घेऊन फिरायलेत. कारण काय, तर पोटाला सवय त्याच मापाची. मी परत व्यायाम सुरू केला तेव्हा पहिली भीती हीच, की बैठका मारल्या की जुनी भूक जागी होणार. झालीच. संध्याकाळी सातला असं वाटायचं की भाकऱ्यांची चवडच समोर ठेवावी.

मी काय केलं ते सांगतो. भाकरी तोडली नाही. जोंधळ्याच्या दोन भाकऱ्या तशाच ठेवल्या, पण आधी कच्चं खातो. मेथीची जुडी धुऊन, कांदापात, मुळा, काकडी, वर मीठ आणि कारळाची चटणी. आपल्याकडे जेवताना कच्ची मेथी खायची पद्धत आहेच, ती मी जेवणाच्या आधी आणली एवढंच. चावायला वेळ लागतो. त्यानंतर दुसरी भाकरी कधी कधी उरतेसुद्धा. तूप मात्र वाटीनं घ्यायचो ते चमच्यावर आलं. ते जड गेलं, अजून जातं.

चिकोडीची थोरली सून

माझी भूक वाजत नाही, कारण तिला वाजायला जागाच नाही! एकत्र कुटुंब, आठ माणसं. सकाळपासून मी "जेवत" नाही, पण तोंड चालूच. धाकट्या पुतण्याच्या ताटातली अर्धी चपाती, कढईच्या तळाशी चिकटलेली तेलकट वांग्याची भाजी, सासऱ्यांच्या पोह्यातले बाजूला काढलेले शेंगदाणे. टाकवत नाही. मग दीड-दोनला सगळ्यांचं झाल्यावर मी बसणार, तेही उरलेल्यावर. आमटी संपलेली, भात भरपूर. म्हणजे ज्याने पोट भरतं ते आधीच्यांनी नेलेलं असतं आणि माझ्या वाट्याला नुसता भात.

इथल्या एका बायकांच्या व्यायामवर्गाला जाते. तिथल्या बाई म्हणाल्या, खाण्याची वही ठेवा. वही ठेवली तर पहिल्याच दिवशी ताटाबाहेरचं खाणं ताटापेक्षा जास्त निघालं.

आता स्वयंपाक झाला की पहिल्यांदा माझं ताट वाढून जाळीखाली झाकून ठेवते. घट्ट वरण, उसळ, कोशिंबीर, एक भाकरी, मूठभर भात. सासूबाई पहिल्यांदा बघतच राहिल्या. "आमच्या वेळी बाईमाणूस असं आधी वाढून घेत नव्हतं," म्हणाल्या. मी म्हटलं, "खाते शेवटीच आहे, नुसतं वाढून ठेवलंय." आठवड्याभरानं त्यांनी स्वतःचंही ताट त्यात ठेवायला सांगितलं. त्यांना साखरेचा त्रास आहे, त्यांनाही कधी आमटी पुरत नव्हती. उरलेलं आता गाईला जातं.

वडगावचे मागवाले काका

साखरेचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो, नाहीतर लिहिणार नव्हतो. मला मधुमेहाची गोळी आहे. वजन उतरायला पाहिजे म्हणून येळ्ळूरच्या रस्त्यानं पहाटे चालायला लागलो, गोळी घेऊन आणि उपाशी पोटी. राजहंसगडाचा चढ लागायच्या आधीच हातपाय थरथरले, घाम फुटला, डोळ्यापुढं अंधारी. मला वाटलं भूक. बरोबरच्या सोबत्याच्या खिशात पेढा होता, त्यानं तो तोंडात कोंबला.

डॉक्टरांनी नंतर समजावलं की काही गोळ्या आणि इन्सुलिन असताना उपाशी व्यायाम केला तर साखर ७०च्या खाली जाऊ शकते. तसं वाटलं तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायची, आणि बरं वाटलं की काहीतरी पोटभरीचं खायचं. गोळीची वेळ त्यांनी बदलून दिली. तरुणांनो, तुमची भूक तुम्ही दाबून बघा, आमच्यासारख्यांनी मात्र बघू नये. आता खिशात साखरेची पुडी असते आणि निघण्याआधी नाचण्याची आंबील पितो, ताकातली, मिठाची.

उद्यमबाग नाईट शिफ्ट

पहाटे तीन. दुसरं उत्तर नाही.

फौंड्रीत काम आहे, त्यामुळे अंगमेहनत आहेच, वर संध्याकाळी जिम. तीन वाजता गेटबाहेरच्या गाड्यावर गरम भजी आणि गोड चहा. घरातून डबा नेला तरी तो बाराला संपतो. जिमवाल्यानं प्रोटीन पावडर गळ्यात मारली. ती पिऊनही तीनला भूक लागतेच. जिथे खरा फरक पडला ते म्हणजे झोप. दिवसा तीन-चार तास झोपायचो. खोलीच्या खिडकीला जाड काळं कापड लावलं, मोबाईल दुसऱ्या खोलीत, आणि सलग सहा-साडेसहा तास झोप व्हायला लागली. भूक अजून लागते, पण भज्याच्या वासानं पाय आपोआप वळत नाहीत. आता तीनला दोन उकडलेली अंडी आणि फुटाणे. चहा बिनसाखरेचा जमत नाही, अर्धा चमचा घालतो.

हिंदवाडीतून, आहारशास्त्र शिकलेली

वरच्या भावाचा अनुभव अगदी बरोबर आहे. झोप कमी पडली की घ्रेलिन हे भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं, आणि तेलकट-गोड खाण्याची ओढ जास्त लागते. ते तुमच्या हातात नसतं.

ताईंनी सांगितलं तरी मी आकडे लिहिणार आहे, पण किलोंचे नाही. आपल्या ताटात पिष्ट (स्टार्च) भरपूर आणि प्रथिनं तोकडी, हा खरा घोळ. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. शंभर ग्रॅम जोंधळ्याच्या पिठात साधारण १० ग्रॅम असतात, एका अंड्यात ६. चहा-टोस्टवर सकाळ काढली तर ती भरपाई साडेअकराला कुंद्यातून होणार नाही. तंतूंचंही तसंच. शंभर ग्रॅम जोंधळ्यात साधारण १० ग्रॅम तंतू आणि पांढऱ्या तांदळात ३च्या आत. अनगोळच्या काकांनी भाकरी सोडली नाही हे फार चांगलं केलं.

शेंगांबद्दल मात्र जपून. शेंगदाणे पौष्टिक आहेत, पण १०० ग्रॅममागे साडेपाचशेच्या वर कॅलरी. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास भरभर चालून साधारण दीडशे खर्च करतो. मूठभर शेंगदाणे खाल्ले की हिशेब तिथेच मिटला. चटणी चमच्याने घ्या, वर आणखी तेल ओतू नका.

कॅम्पातून

मी जिम लावली आणि पहिल्या पंधरवड्यात काटा वर गेला. डाएट सोडून दिलं. कुणाला असं झालंय का?

हिंदवाडीतून, आहारशास्त्र शिकलेली

होतं. नव्या व्यायामानं ताणलेले स्नायू पाणी धरून ठेवतात. ती चरबी नसते. काटा महिनाभर कपाटात टाका आणि टेलरची टेप घ्या. आपल्याकडच्या लोकांसाठी पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला की धोक्याची खूण मानतात. कॉलेज रोडला कपडे घेताना तुम्हाला ते आधी कळेल.

खानापूरचे गुरुजी

आमचा तालुका भाताचा. इथे भात कमी करा म्हणणं सोपं, पण सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात, पाहुणा आला तर त्याच्यासाठी ताजा भात. मी सायकल चालवतो, जांबोटीच्या बाजूला चढ-उतार चांगला आहे. भूक लागते ती रात्री साडेनऊला, जेवून झाल्यावर! आधी मला ही भूक खोटी वाटायची. पण जेवण भात आणि पातळ सांबार असायचं, ते दोन तासांत उतरतं.

बायकोनं कुळीथ काढला. तिच्या माहेरी पावसाळ्यात तेच असायचं. भात अर्धा केला आणि तेवढीच मोड आलेल्या कुळथाची उसळ ताटात आली. साडेनऊची भूक गेली असं म्हणत नाही, कमी झाली. पोट मात्र पहिले काही दिवस गुडगुडतं, वर्गात जरा पंचाईत होते.

एक अडचण कुठल्याच तक्त्यात नसते : जत्रा. लक्ष्मीची जत्रा बऱ्याच वर्षांनी येते आणि आली की पै-पाहुण्यांच्या घरी मटणाचं ताट नाकारता येत नाही. नाकारलं तर बोलणी खावी लागतात, आणि तीही पुढच्या जत्रेपर्यंत पुरतात. मी त्या दिवसांत रस्सा पीत नाही, फोडी खातो, भाकरी एकच घेतो, आणि दुसऱ्या दिवशी सायकल काढतो. यापेक्षा जास्त शिस्त मला झेपत नाही.

चिकोडीची थोरली सून

गुरुजी, वैनींना विचारून कुळथाचं कढण कसं करतात ते लिहा ना. आमच्याकडे उसळ होते, पण रात्री सासूबाईंना चावायला त्रास होतो.

खानापूरचे गुरुजी

विचारलं. कुळीथ रात्रभर भिजवायचा, कुकरला मऊ शिजवायचा, वरचं पाणी काढून घ्यायचं. त्यातला मूठभर शिजलेला कुळीथ लसूण आणि जिऱ्याबरोबर वाटून त्याच पाण्यात मिसळायचा. अर्धा चमचा तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि एक सुकी संकेश्वरी मिरची. आमसूल दोन. उकळी आली की उतरवायचं, फार आटवायचं नाही. उरलेल्या कुळथाची दुसऱ्या दिवशी उसळ. सासूबाईंना मुतखड्याचा किंवा किडनीचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि मिरची त्यांच्यापुरती काढून ठेवा, संकेश्वरी आहे, तिखट लागते.