मदत हवी आहे: ईएसपी३२ वर प्रोग्राम अपलोड होत नाही (तातडीचे!!)

चारकोपकर (शुक्र., सकाळी ७:१२)
ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड) घेतलाय. प्रोग्राम अपलोड होत नाहीये. ड्रायव्हर टाकला, पोर्ट दिसतो, केबल बदलून पाहिली, आयडीई (प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर) काढून परत टाकली. काल संध्याकाळी व्यवस्थित चालत होतं, आज सकाळी पुन्हा बंद. रविवारी सोसायटीच्या सभेत दाखवायचं आहे, सेक्रेटरींपुढे फुशारकी मारून बसलोय. कृपया ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनीच लिहा.

सोल्डरवाला (७:३०)
नेमका कुठला बोर्ड? यूएसबीची चिप सीएच३४० की सीपी२१०२? विंडोज की लिनक्स? आणि एरर काय येते?

केबलपंथी (७:३४)
केबल. दहातल्या नऊ वेळा केबलच असते. फोनबरोबर येणाऱ्या बऱ्याच स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्या दोन तारा असतात, डेटाच्या नसतातच. माझे दोन आठवडे त्यात गेले होते. दुसरी केबल लावा.

चारकोपकर (७:५१)
केबल बदलली असं वर लिहिलंय. पोर्ट दिसतो असंही लिहिलंय. विंडोज. एरर म्हणजे लाल अक्षरं येतात.

एक_ओहम (७:५८)
"लाल अक्षरं येतात" ही एरर नाही हो, तो रंग आहे. अक्षरं काय आहेत ते सांगा. ऑफिसला निघालात तर रात्री सांगा, पण सांगा.

दादरचा_नाना (८:१५)
मी नेहमी सांगतो तेच सांगतो. नवशिक्यांनी आर्डुइनो ऊनो बोर्डावर शिकावं. २०१० पासून जग त्याच्यावर शिकतंय. वायर लावा, अपलोड दाबा, चालू. बूटचं बटण नाही, तीन व्होल्टची नाटकं नाहीत. या ईएसपीच्या नादाने पोरं बिघडली.

एक_ओहम (८:२२)
नाना, साध्या ऊनोत ३२ केबी फ्लॅश (प्रोग्राम साठवायची मेमरी) आणि २ केबी रॅम. वायफाय कुठून आणणार, गच्चीवरून ओरडून?

दादरचा_नाना (८:२५)
वायफाय हवंय असं कुठे लिहिलंय त्यांनी?

एक_ओहम (८:२६)
काय हवंय हेच कुठे लिहिलंय त्यांनी!

टर्मिनलमाऊली (९:०५)
उबुंटू २२.०४ (लिनक्स) असेल तर बीआरएलटीटीवाय नावाचं पॅकेज सीएच३४० चा पोर्ट गिळून टाकतं. अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल यंत्रासाठीचं आहे ते, पण त्याला आपला बोर्डच ब्रेल यंत्र वाटतो. काढून टाका. शिवाय स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये (पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांत) घाला आणि लॉगआउट करून परत या.

चारकोपकर (९:१०)
विंडोज!!

टर्मिनलमाऊली (९:११)
मग आधी तेच बदला.

मुलुंडची_मावशी (९:४०)
माझा मुलगा सातवीत आहे. त्याला रोबोट करायचाय. कुठला बोर्ड घेऊ? धागा वेगळा काढायला हवा का? नवीन आहे इथे.

दादरचा_नाना (९:४२)
ऊनो.

सोल्डरवाला (१०:१०)
चारकोपकर, "कनेक्टिंग" लिहून नुसते ठिपके आणि रेघा येत असतील तर बोर्डवरचं बूट बटण दाबून धरा आणि "रायटिंग" दिसलं की सोडा. त्याने जीपीआयओ शून्य ही पिन ग्राउंडला (शून्य व्होल्टला) जाते आणि चिप अपलोड मोडमध्ये शिरते. काही बोर्डांत हे आपोआप होत नाही. रोज रोज नको असेल तर ईएन (रीसेटची पिन) आणि ग्राउंडच्या मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

चारकोपकर (रात्री ८:४७)
सकाळी गडबडीत होतो, चिडून लिहिलं, सॉरी. आता लोकलमध्ये उभ्याउभ्या लिहितोय. बूट बटण केलंय, फरक नाही. बोर्डावरच्या धातूच्या डब्यावर वरूम-३२ लिहिलंय, चिप सीएच३४०. सकाळी फोटो काढला होता, त्यात आहे तसं लिहितो. कनेक्ट होतं, रायटिंग १०० टक्के होतं, आणि शेवटी "एमडी५ ऑफ फाइल डझ नॉट मॅच डेटा इन फ्लॅश". सिरियल मॉनिटर उघडला तर "फ्लॅश रीड एरर, १०००" हीच ओळ परत परत येते.
गंमत म्हणजे संध्याकाळी बहुतेक वेळा चालतं. सकाळी कधीच नाही.

केबलपंथी (८:५५)
फ्लॅश गेली. बोर्ड डुप्लिकेट असणार. परत करा नाहीतर सरळ लॅमिंग्टन रोडला जाऊन दुसरा घ्या.

फेज_न्यूट्रल (९:०२)
सकाळी? तेव्हा बिल्डिंगचे पंप चालू असतात, व्होल्टेज पडतं. स्टॅबिलायझर लावा.

एक_ओहम (९:०४)
तो लॅपटॉपच्या यूएसबीवर चाललाय, काका. लॅपटॉपला बॅटरी असते.

गिरणगाव (९:२०)
लॅमिंग्टन रोडचा विषय निघालाच आहे म्हणून. कॉलेजात असताना ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत जायचो. काउंटरवर "भैया, पाँच सौ पचपन देना" म्हटलं की न बघता मागच्या डब्यातून टायमर आयसी काढून द्यायचे. आता सगळं फोनवर मागवतात. रस्त्याचं नाव खरं तर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसं विचारलंत तर टॅक्सीवाला गोंधळतो. लॅमिंग्टन हा १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता. मुंबई सोडून शंभरावर वर्षं झाली, रेझिस्टर अजून त्याच्याच नावावर विकले जातात.

सोल्डरवाला (९:२८)
फ्लॅश गेलेली नाही. गेलेली फ्लॅश संध्याकाळी परत येत नाही. चारकोपकर, बोर्डाला काय काय जोडलंय?

चारकोपकर (९:३१)
काही नाही. फक्त फ्लोट स्विच, पाण्यावर तरंगणारा.

सोल्डरवाला (९:३२)
😐 कुठल्या पिनला?

चारकोपकर (९:३६)
१२. एक तार ३.३ व्होल्टला, दुसरी १२ ला. कोडमध्ये इनपुट_पुलडाउन (पिनला आतून शून्य व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर). टाकी भरली की स्विच जुळतो आणि पिन हाय होते. चाचणीसाठी बाथरूममधल्या बादलीत तरंगत ठेवलाय. टाकीचाच प्रोजेक्ट आहे ना, ते लिहायचं राहिलं वाटतं. गच्चीवरची टाकी भरली की पंप बंद करायचा आणि कमिटीच्या फोनवर मेसेज पाठवायचा.

सोल्डरवाला (९:५०)
सापडलं. आणि संध्याकाळ-सकाळचं कोडंही सुटलं. सकाळी पाणी येतं, बादली भरलेली असते, फ्लोट वर, स्विच जुळलेला. संध्याकाळपर्यंत तुम्ही बादली वापरून टाकता, फ्लोट खाली, स्विच उघडा. बरोबर?

बारा नंबरची पिन साधी नाही. चिप रीसेट होते त्या क्षणी ती बारा नंबरकडे बघून ठरवते की फ्लॅशला किती व्होल्ट द्यायचे. लो असेल तर ३.३. हाय असेल तर १.८. तुमच्या वरूम मॉड्यूलमधली फ्लॅश ३.३ वर चालणारी. तिला १.८ दिले की ती अर्धपोटी बरळायला लागते, म्हणून लिहिलेलं आणि वाचलेलं जुळत नाही. पिनच्या आत एक कमजोर पुलडाउन असतो, त्यामुळे काही न जोडता बोर्ड मजेत चालतो. तुम्ही मात्र बादली भरली की थेट ३.३ आणून टेकवताय.

फ्लोट काढून अपलोड करून बघा.

चारकोपकर (१०:३८)
घरी पोचलो. फ्लोट काढला, पहिल्या फटक्यात अपलोड. मग मगाने पाणी ओतून बादली भरली, फ्लोट लावला, रीसेट दाबलं, मेला. फ्लोट बोटाने खाली ढकलून रीसेट केलं, जिवंत. बायको दारात उभी राहून बघत होती, तिला काय सांगू कळेना.
तीन दिवस गेले हो माझे.

दादरचा_नाना (१०:४४)
ऊनोत हे होत नाही.

टर्मिनलमाऊली (१०:५०)
पिन बदलायचीसुद्धा गरज नाही. ईफ्यूज (चिपच्या आतली एकदाच बदलता येणारी सेटिंग) जाळून टाका. एक कमांड आहे, त्याने फ्लॅशचं व्होल्टेज ३.३ वर कायमचं ठरतं आणि बारा नंबरकडे चिप बघतच नाही.

सोल्डरवाला (१०:५३)
माऊली, "कायमचं" हा शब्द तुम्हीच लिहिलाय. ईफ्यूज एकदा जळला की परत येत नाही, नवशिक्याच्या हातात काडेपेटी देऊ नका. वायर उचलून दुसऱ्या भोकात घालायची आहे फक्त.

एक_ओहम (११:०१)
३४ ला लावा, ती फक्त इनपुटची आहे, बूटशी संबंध नाही.

सोल्डरवाला (११:०५)
३४ ते ३९ ना आतून पुलअप (३.३ कडे ओढणारा रेझिस्टर) किंवा पुलडाउन काहीच नाही, बाहेरून रेझिस्टर लावावा लागेल. २७ घ्या. ६ ते ११ ला हात लावू नका, त्या फ्लॅशच्याच तारा आहेत. आणि १ व ३ रिकाम्या ठेवा, त्यांवरूनच अपलोड होतं.

फेज_न्यूट्रल (११:१५)
अपलोडचं झालं, आता जिवाचं बघा. ती निळी रिले (बोर्डाने चालणारा छोटा स्विच) घेऊन पंप सरळ तिच्यावर टाकणार असाल तर थांबा. रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं, पण मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. रिलेचे संपर्क चिकटतात, आणि मग "बंद" म्हटलं तरी पंप बंद होत नाही. रिलेने कॉन्टॅक्टर (मोटरसाठीचा दणकट स्विच) चालवा, कॉन्टॅक्टरने पंप. हे काम लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच. पंपरूमची जमीन ओली असते.

गिरणगाव (११:२१)
आमच्या चाळीत टाकी भरली की पाणी पन्हाळीतून खाली पडायचं, त्या आवाजाने पहिल्या मजल्यावरचे आजोबा उठून स्विच बंद करायचे. वायफाय लागलं नाही कधी.

चारकोपकर (शनि., सकाळी ६:०५)
२७ वर चाललं. सकाळी. भरलेल्या बादलीसकट! सोल्डरवाला, कुठे राहता सांगा, वडापाव घेऊन येतो. काका, पंपाला आधीच स्टार्टर आहे, आमच्या इलेक्ट्रिशियनला आज दुपारी बोलावलंय.
आता एकच. बोर्ड तळमजल्यावर पंपरूममध्ये आणि फ्लोट गच्चीवर. साधारण ७० फूट तार. चालेल ना?

सोल्डरवाला (७:४०)
चालेल, पण आत्ता आहे तशी नाही. एवढ्या लांब तारेवर ३.३ व्होल्ट वर पाठवू नका. स्विचची एक तार ग्राउंडला, दुसरी २७ ला, आणि बोर्डाजवळ २७ पासून ३.३ ला २.२ किलोओहमचा पुलअप. आतला पुलअप फार कमजोर, तार अँटेनासारखी शेजारच्या मोटरचे झटके पकडते. पिन आणि ग्राउंडच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरड. कोडमध्ये तीन सेकंद सलग तेच दिसलं तरच निर्णय घ्या, नाहीतर टाकीतल्या लाटांवर पंप चालू-बंद नाचेल.

आता महत्त्वाचं. तुमचा फ्लोट टाकी भरली की जुळतो. तार उंदराने कुरतडली तर बोर्डाला वाटेल टाकी रिकामीच आहे, आणि पंप चालूच राहील. उलटं करा. भरली की उघडा झाला पाहिजे. म्हणजे तार तुटली तरी बोर्ड "भरली" समजून पंप बंद ठेवेल. छोट्या उभ्या फ्लोटची क्लिप काढून तरंगता तुकडा पालथा घातला की तो उलटा चालतो. आणि खालच्या टाकीलाही एक फ्लोट हवाच, नाहीतर पाणी आलं नाही त्या दिवशी पंप कोरडा फिरेल.

चारकोपकर (७:५२)
खालच्या टाकीचं सेक्रेटरींना सांगितलंच नाहीये मी. त्यांना वाटतंय सगळं तयार आहे.

दादरचा_नाना (८:०३)
उद्या सभेत काय होतं ते इथे लिहा.

मुलुंडची_मावशी (८:१०)
मी ऊनो मागवला. पण डब्यात केबल आलीच नाही. फोनची चालेल का?

केबलपंथी (८:११)
आलो आलो.