कॉम्प्युटर की आयटी? अनुभव धागा

सीईटीचा निकाल लागला की घराघरांत हा वाद पेटतो, यंदा आमच्याकडे पेटलाय. भाचीचे पर्सेंटाईल चांगले आहेत, पण बोट ठेवेल ती सीट मिळेल इतकेही नाहीत. हिशोब असा आहे की नाव असलेल्या कॉलेजात आयटी बसतंय, आणि त्याच्या दोन पायऱ्या खालच्या कॉलेजात कॉम्प्युटर. तिचे बाबा म्हणतात, कॉम्प्युटरच घे, ती खरी ब्रँच. क्लासचे सर म्हणतात, ब्रँच गेली खड्ड्यात, कॉलेज बघ. तिला स्वतःला विचारलं तर म्हणते, "दोन्हीत कोडिंगच ना, मामा?"

ऑप्शन फॉर्म भरायला थोडेच दिवस आहेत. तुम्ही काय घेतलंत, वर्गात प्रत्यक्ष काय शिकलात आणि पुढे त्या नावाने कुठे अडलं किंवा अजिबात अडलं नाही, ते लिहा. डिप्लोमा, बीसीएस (बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स), बीएस्सी आयटीवाल्यांनीही लिहा. सल्ले कमी, अनुभव जास्त. 'एआयमुळे सगळंच संपणार' ही चर्चा कृपया दुसरीकडे.

मुळाकाठ

मी कॉम्प, पुणे विद्यापीठ, २०१९ पॅटर्न (त्या वर्षीचा अभ्यासक्रम). रूममेट आयटीला होता, त्यामुळे दोन्हीकडची जर्नल्स एकाच टेबलावर पडलेली असायची. पहिलं वर्ष सगळ्यांना एकच. एम-वन (गणित), मेकॅनिक्स, ग्राफिक्स, मेकॅनिकलवाल्यांबरोबर बसून. दुसऱ्या वर्षीही फार फरक नाही, फक्त आयटीला डीबीएमएस (डेटाबेस) आमच्या आधी आलं.

खरा फाटा फुटतो तिसऱ्या वर्षी. आम्हाला सिस्टीम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे एसपीओएस. त्यात टू-पास असेंब्लर लिहायचा असतो, म्हणजे असेंब्ली भाषेतला कोड दोनदा वाचून मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम. सिंबॉल टेबल, लिटरल टेबल, पूल टेबल, सगळं हाताने उभं करायचं. अर्ध्या वर्गाने सीनियरचा कोड उचलला होता. ओरलला एक्स्टर्नल सरांनी माझ्या प्रिंटआउटवर एका ओळीवर पेन ठेवलं आणि विचारलं, "हे लेबल वापरलंस इथे, डिफाइन केलंस चार ओळी खाली. पास-वनला त्याचा पत्ता कसा कळला?" मी सांगितलं, कळत नाही, जागा सोडून पुढे जातो, पास-टूमध्ये भरतो. सर म्हणाले, बस्स, उठ. आपण लिहिलेला प्रोग्रॅम मशीनपर्यंत कसा पोचतो, हे मला त्या प्रॅक्टिकलमुळे कळलं. पुस्तकाने नाही.

त्याच सेमिस्टरला रूममेट एचसीआयच्या (माणूस आणि कॉम्प्युटर यांच्यातला संवाद) सबमिशनसाठी एटीएमच्या स्क्रीनची चित्रं काढत बसायचा, म्हाताऱ्या माणसाचं कुठे अडतं ते लिहायचा. मी हसायचो. पण त्याला मशीन लर्निंग तिसऱ्या वर्षीच होतं, आम्हाला ते थेट चौथ्या वर्षी आलं. प्लेसमेंटच्या वेळी त्याच्या हातात त्या विषयातला प्रोजेक्ट तयार होता, आमच्यातले बरेच जण यूट्यूब बघून जुळवाजुळव करत होते. टीओसी (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन) मात्र दोघांनाही, आणि पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या सुट्टीत, रडलोही दोघंच. आज दोघंही बॅकएंडवर (सर्व्हरच्या बाजूचं कोडिंग) आहोत.

कंपाइलरमावशी

मी आयटी, २००१ ला बाहेर पडलेली बॅच. डॉटकॉमचा फुगा नुकताच फुटला होता. कँपसला आलेल्या कंपन्यांनी ऑफर लेटर दिली आणि जॉइनिंग पुढे पुढे ढकलत नेलं. तेव्हा कॉम्प्युटरवाले आणि आयटीवाले एकाच कट्ट्यावर बसून फोनची वाट बघत होते.

खाजगी नोकरीत ब्रँच मला नंतर कधीच कुणी विचारली नाही. अडलं एकदाच. एका सरकारी भरतीच्या ऑनलाइन अर्जात 'संगणक अभियांत्रिकी' होतं, यादीत आयटी नव्हतंच. कॉलेजातून दोन्ही पदव्या समकक्ष असल्याचं पत्र आणा, असं सांगितलं गेलं. पत्र मिळालं, पण तोवर मुदत टळली होती. सरकारी नोकरीचा विचार असेल, तर जुन्या जाहिराती काढून पात्रतेची ओळ शब्दन्‌शब्द वाचा. हल्ली बहुतेक ठिकाणी दोन्ही लिहिलेलं असतं. बहुतेक म्हटलंय, सगळीकडे नाही.

वारणेचा वाघ

डिप्लोमा आयएफ (म्हणजे आयटी), मग डायरेक्ट सेकंड इयरला कॉम्प्युटर. एमएसबीटीईत (राज्याचं डिप्लोमा मंडळ) सीओ (कॉम्प्युटर) आणि आयएफ वेगळे म्हणतात, पण आय स्कीमला (तेव्हाचा अभ्यासक्रम) जावाचा पेपर दोघांनाही २२४१२ हाच होता. एकच प्रश्नपत्रिका, एकच दिवस. कसला फरक घेऊन बसलाय. डिग्रीला आल्यावर एम-थ्रीने घाम काढला, पण त्यात आयएफचा दोष नाही, डिप्लोमाच्या गणिताचा आहे. बाकी कोल्हापूर-सांगलीकडच्या पोरांनो, वालचंदला कॉम्प्युटर सायन्सही आहे आणि आयटीही. तिथलं आयटी सोडून दुसरीकडचं कॉम्प्युटर घेतलेला एकही दोस्त मला माहीत नाही.

पायरी_हापूस_नव्हे

इथे सगळे बीईचंच बोलताहेत. बीएस्सीत गोष्ट वेगळी, आणि तिथे नावाने खरंच फरक पडतो. मी मुंबई विद्यापीठाचं बीएस्सी आयटी केलं. वर्गात बारावीला गणित घेतलेली कॉमर्सची मुलंही होती. मावसभाऊ पुण्यात बीसीएसला. त्याला कॉम्प्युटरबरोबर गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स, ब्रेडबोर्डवर लॉजिक गेट जोडणं, लॅबमध्ये लिनक्सवर पोस्टग्रेस डेटाबेस. आमच्याकडे नेटवर्किंग, वेब, सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर भर जास्त, सिद्धान्त कमी. मला ते मानवलं, मी सपोर्टमधून क्लाउडकडे गेलो. भावाला आकडेमोडीची आवड, तो एमएस्सीला गेला.

तीन वर्षांच्या डिग्रीवर कंपन्या घेतात, पण अनेकदा पगाराची पट्टी बीईवाल्यांपेक्षा खालची असते आणि पुढे वरच्या पट्टीत जायला एमसीए किंवा एमटेक लागतं. एमसीए २०२० पासून दोन वर्षांचं झालंय, हे बऱ्याच पालकांना अजून ठाऊक नसतं.

मुळाकाठ

@पायरी, ब्रेडबोर्ड आम्हालाही होता हो. एक वायर सैल निघाली की अख्खी दुपार जायची.

खडूफळा

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, दोन्ही विभागांत तासिका घेतल्या आहेत. गेटचा (एमटेकच्या प्रवेशपरीक्षेचा) पेपर दोघांना एकच, सीएस, आणि त्याच्या नावातच कॉम्प्युटर सायन्स आणि आयटी दोन्ही आहे. त्यात कंपाइलर, डिजिटल लॉजिक, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन येतं. आयटीच्या मुलांना कंपाइलर स्वतः वाचावं लागतं, एवढाच जादा भार. अलाहाबादच्या आयआयआयटीत तर बीटेकची मुख्य शाखाच आयटी आहे, आणि तिथल्या मुलांना कुणी दुय्यम म्हणत नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. २०२४-२५ पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) चांगल्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा उठवली. परिणाम तुम्ही कॉलेजांच्या जाहिरातींत बघताच आहात. कॉम्प्युटरच्या एका तुकडीच्या तीन झाल्या, चार झाल्या. लॅब तितकीच. शिक्षक तितकेच, किंवा यंदाच पास झालेली मुलं तासिका तत्त्वावर. याउलट त्याच इमारतीत आयटीची एकच तुकडी असते, दहा वर्षं मुरलेले शिक्षक असतात, आणि एका मशीनवर एक मुलगा बसतो. आमच्याच एका लॅबमध्ये कॉम्प्युटरची पोरं तिघं-तिघं एका पीसीवर बसलेली मी पाहतो. एक टाइप करतो, एक बघतो, तिसरा मोबाइलवर. प्रवेश फेऱ्यांच्या काळात जाऊन बघायचं ते हे. ऑफिसातल्या ब्रोशरवरचा 'हायेस्ट पॅकेज'चा आकडा नाही.

धागाकर्ता

खडूफळा सर, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. उद्या दोन्ही कॉलेजांत चक्कर मारतो. बाहेरदेशी जायचं असेल तर आयटीमुळे अडतं का? भाचीच्या डोक्यात जर्मनी आहे.

इझारकाठ

जर्मनीबद्दल सांगते, मी बीई आयटी करून म्युनिकला मास्टर्सला आले. इथे डिग्रीच्या नावापेक्षा विषय बघतात. टीयू म्युनिकमध्ये (इथलं तंत्र विद्यापीठ) तुमचा अभ्यासक्रम त्यांच्या इन्फॉर्मेटिकच्या (म्हणजे कॉम्प्युटर सायन्सच्या) बॅचलर्सशी ताडून गुण देतात. गणित किती, थिअरी किती, ऑपरेटिंग सिस्टीम आहे का, डेटाबेस आहे का. माझं टीओसी आणि डिस्क्रीट मॅथ्स तिथे कामाला आलं, वेब टेक्नॉलॉजीच्या विषयांना फारसं वजन मिळालं नाही. त्यामुळे भाचीने ज्या कॉलेजात जायचं तिथल्या आयटीच्या अभ्यासक्रमाची पीडीएफ आत्ताच उतरवून घ्यावी. स्वायत्त कॉलेज असेल तर विद्यापीठाची नको, कॉलेजची. टीओसी आणि अल्गोरिदम्स असतील तर निर्धास्त. नसतील तर इलेक्टिव्ह कुठली आहेत ते बघा. विषयाचा तपशील, तास, क्रेडिट असलेली ती पानं चार वर्षं जपून ठेवायची, नंतर पॅटर्न बदलतो आणि वेबसाइटवरून जुनी फाइल गायब होते. एपीएसचं (शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं) प्रमाणपत्रही लागतं, ते वेळ खातं.

नवी_आई

मुलगा गेल्या वर्षी याच गोंधळात होता. पुण्यात पीआयसीटी कॉलेजचं आयटी आणि इतरत्र कॉम्प असा पेच. पीआयसीटीत कॉम्पचा कटऑफ आयटीच्या थोडा वर असतो, पण तिथलं आयटी बाहेरच्या बऱ्याच कॉलेजांच्या कॉम्पच्याही वर बंद होतं. पोरांनी पाय कुठे टाकलाय ते आकड्यांत दिसतं. त्याने आयटी घेतलं, खूश आहे, केटी नाही (टच वुड).

फॉर्म भरताना दोन गोष्टी. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसची (शिक्षणशुल्क माफीची) सीट मिळू शकते, पण तिचा चॉइस कोड वेगळा असतो, तो आठवणीने यादीत घालायचा. आणि पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय लागला की सीट आपोआप फ्रीझ होते, बेटरमेंट (पुढच्या फेरीत दुसरी सीट) मागता येत नाही. म्हणून एक नंबरवर तेच टाका, जे खरंच हवंय. 'बघू, लागलं तर लागलं' म्हणून कुणाच्या काकांनी सुचवलेलं नाव वर टाकू नका. आमच्या सोसायटीत एकाचं तसंच झालं, आणि ते कॉलेज घरापासून दोन बस लांब आहे.