लॅपटॉपचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्याचे, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचे, तोटे कोणते?

प्रश्न: माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा कोअर आय७-७८२०एचके प्रोसेसर असून त्याचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) खुला आहे, म्हणजे तो वाढवता येतो. व्हिडिओ रेंडर होण्यास (अंतिम फाइल तयार होण्यास) फार वेळ लागतो, म्हणून ओव्हरक्लॉक करावे का?

उत्तर १: माझ्या मते करू नये. वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ओव्हरक्लॉकसाठी व्होल्टेज केवळ १० टक्के वाढवले, तरी तेवढ्यानेच तो सुमारे २१ टक्क्यांनी चढतो. ही जादा उष्णता बाहेर टाकायला लॅपटॉपमध्ये जागाच नसते. बहुतेक गेमिंग लॅपटॉपांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांचे हीट पाइपही (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) सामाईक असतात. तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपास गेले, की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो आणि लांबलचक रेंडरमध्ये मिळवलेला वेग हातचा जातो.

उत्तर २: बॅटरीचाही विचार करावा, कारण सततच्या उष्णतेने लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य घटते. शिवाय अस्थिर सेटिंगमुळे रेंडर अर्ध्यावर कोसळू शकते.

उत्तर ३: त्यापेक्षा पंख्यातील धूळ साफ करून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीट पाइपकडे पोहोचवणारा लेप) बदलावी आणि बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगच्या प्रणालीत) सोय असल्यास व्होल्टेज थोडे कमी करून पाहावे. व्होल्टेज बदलून प्रोसेसरची सुरक्षा भेदू देणारी प्लंडरव्होल्ट ही त्रुटी २०१९ मध्ये उघड झाल्यापासून अनेक लॅपटॉपांत ही सोय बंद केलेली आढळते, हे मात्र खेदजनक आहे.