मदत हवी आहे: लायका एम ११ कॅमेरा घेऊ की एम ईव्ही१? शनिवारच्या आत ठरवायचंय

काजूबाग
एम १० विकून नवा घ्यायचाय. एम ११ की २०२५चा एम ईव्ही१? फोकस सारखा चुकतोय, वैताग आलाय. शनिवारी गिऱ्हाईक जुना बघायला येतंय. कुठला घेऊ तेवढंच सांगा.

मांडवीपार
एम ११, डोळे मिटून. ईव्ही१मध्ये रेंजफाइंडरच, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस करायची खिडकीच, काढून टाकलाय, सगळं इलेक्ट्रॉनिक पडद्यातून बघायचं. मग एमचं उरलं काय? १९७१ साली एम ५चं रूप बदललं तेव्हा गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली आणि एम ४ पुन्हा काढावा लागला. १९८४च्या एम ६मध्ये प्रकाश मोजणारा मीटर आला तो जुन्याच अंगात (बॉडीत), म्हणून चालला.

रोलरवाला
बाब, लेन्स कोणती? अंतर किती? फोकस पुढे जातो की मागे? चश्मा आहे का? ‘चुकतोय’ एवढ्यावर काय सांगणार?

काजूबाग
पेडण्याकडचे दहीकाले. रात्रीची दशावतारी नाटकं. ९० मिमीची एफ/२ लेन्स, दुसऱ्या हाताने घेतलेली, अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून. अंतर ३ मीटरच्या आसपास. दर वेळी चेहऱ्याच्या जरा मागचा भाग रेखीव येतो, नटाचं तोंड मऊ. चश्मा आहे, कॅमेऱ्याला डोळा लावताना काढतो. आता सांगा कुठला?

कृष्णकमळ
एवढ्या पैशांत सोनीचं अंग आणि अॅडॅप्टर घ्या, वर पैसे उरतील.

मांडवीपार
९०ला चालेल, पण २८ किंवा ३५ लावली की कोपरे धूसर होतात. सोनीच्या सेन्सरवरची काच जाड, एमच्या रुंद लेन्समधून किरण तिरपे येतात. आणि विचारलंय काय, सांगताय काय!

रोलरवाला
चश्मा काढता तिथेच अर्धं उत्तर आहे. एमचा व्ह्यूफाइंडर मुळातच उणे ०.५ डायऑप्टरवर (चश्म्याच्या नंबराचं माप) बसवलेला असतो. आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या काचेवर, स्क्रूने बसणारी करेक्शन लेन्स मिळते. नंबर लांबचा धरून घ्यायचा, वाचायचा नाही. फोकसचा मधला ठिपका धूसर दिसत असेल तर दोन प्रतिमा जुळल्या की नाही ते कळणारच नाही.

उरलेलं अर्धं घरी तपासा. ट्रायपॉड, एफ/२. टेबलावर ४५ अंशांत तिरपी पट्टी, त्यातल्या एका आकड्याच्या रेघेवर बारीक पेन्सिलखूण. अंतर दीड मीटर. ठिपक्याने खुणेवर फोकस करा, पाच फोटो, दर वेळी लेन्स अनंताला नेऊन परत आणायची. मग लाइव्ह व्ह्यूत (मागच्या स्क्रीनवर) प्रतिमा मोठी करून, म्हणजे भिंग लावून, त्याच खुणेवर फोकस करा आणि लेन्सचं फोकसचं कडं न हलवता ठिपक्यात बघा. ५० लेन्सवर पण हेच करा. दोन्ही एकाच बाजूला चुकल्या तर दोष अंगातल्या रोलरचा, म्हणजे लेन्सची हालचाल रेंजफाइंडरला पोचवणाऱ्या चाकाचा. एकटी ९० चुकली तर तिच्या कॅमचा, म्हणजे त्या चाकाला ढकलणाऱ्या भागाचा.

९० एफ/२ला ३ मीटरवर स्पष्ट पट्टा सगळा मिळून साधारण १३ सेंमी. नट अर्धं पाऊल पुढे-मागे सरकला तरी पुरत नाही.

दर्यातीर
पावसाळ्यात लेन्स कशात ठेवता? चामडी केस काढून टाका, बुरशी तिथेच धरते. हवाबंद डबा, आत ओल मोजणारा छोटा हायग्रोमीटर, ४५ ते ५० टक्के ओल. नारिंगी सिलिका जेल हिरवी पडली की ओव्हनमध्ये सुकवायची.

मांडवीपार
दर्यातीर, वेगळा धागा काढा ना. काजूबाग, दशावतारात पात्र विंगेतून येतं ते एमच्या चौकटीबाहेर आधी दिसतं. ९०ची चौकट खिडकीत एवढीशी, भोवती सगळा रंगमंच मोकळा. ईव्ही१च्या इलेक्ट्रॉनिक पडद्यात पात्र चौकटीत शिरल्यावरच कळणार.

काचघर
मान्य. पण तीच एवढीशी चौकट ९०ला फोकससाठी त्रासाची. ईव्ही१मध्ये भिंग लावून डोळ्याची बाहुली बघता येते, आणि लेन्सचा कॅम बिघडलेला असला तरी फरक पडत नाही, सेन्सर जे बघतो तेच दिसतं. मात्र रोलर नसल्याने फोकसचं कडं फिरवलं हे कॅमेऱ्याला कळत नाही. भिंग दर वेळी स्वतः आणायचं. एफ/८ला पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवण्याची सोय) विसंबू नका, सगळंच रंगतं. अॅपर्चर उघडून फोकस करा, मग परत लहान करा.

परंपरेचं म्हणाल तर १९५४च्या एम ३च्या आधी लायकाच्या कॅमेऱ्यांत फोकसची आणि चौकटीची खिडकी वेगळी होती. त्या वर्षी दोन्ही एकत्र आणणं हेच लायकासाठी नवं होतं. टिकला तो माउंट, म्हणजे लेन्स बसायची जागा, सत्तर वर्षांपूर्वीची लेन्स ईव्ही१वर तशीच चढते.

मांडवीपार
माउंट टिकला म्हणून रोलर काढायचा हे पटत नाही. बघण्याची पद्धत गेली तर लेन्स चढून काय उपयोग?

काजूबाग
तपासलं. ५० बरोबर. ९० पाचही वेळा खुणेच्या २ सेंमी मागे. लाइव्ह व्ह्यूत मात्र टाचणीसारखी रेखीव. अंतर दीड मीटर.

रोलरवाला
म्हणजे अंग ठणठणीत. लेन्सचा कॅम दुरुस्तीला द्या, कॅमेरा विकू नका. एम ११वर हीच ९० अशीच चुकली असती, आणि ६० मेगापिक्सेलमध्ये जास्त दिसली असती. अंगाचा रोलर हात लावून फिरवू नका, बरोबर असलेली ५० बिघडेल.

काजूबाग
दुरुस्तीला महिना जाईल, काले तोंडावर आलेत. तोवर?

काचघर
तोवर एम १०वर व्हिझोफ्लेक्स, म्हणजे वरून लावायचा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर, लावा, हॉट शूवर (फ्लॅशच्या खाचेत) बसतो. आणि एलईडी दिव्यांत शटर १/५० किंवा १/१००च्या जवळपास ठेवा, नाहीतर फोटोत पट्टे येऊ शकतात.

दर्यातीर
व्हिझोफ्लेक्सच्या संपर्कबिंदूंना पण ओल लागते हां. पुसून ठेवा.

काजूबाग
गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. व्हिझोफ्लेक्स कुणाकडे भाड्याने मिळेल का पणजी-म्हापशात?