न दिसणारा वाघ "दिसतो" म्हणावं लागतंय मुलाला, काय करू?

शेवंती_आई
मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. त्याच्या खेळायच्या ग्रुपने मिळून एक वाघ तयार केलाय, अर्थातच न दिसणारा. त्याच्यापासून लपायचं, त्याला खायला द्यायचं, तो झोपला की कुजबुजत बोलायचं वगैरे, इथपर्यंत मला फार आवडत होतं. पण आता ग्रुपमधल्या मोठ्या मुलांनी नियम काढलाय की ज्याला वाघ दिसतो तोच आपला, बाकीच्यांशी कट्टी. रोज एकेकाला उभं करून विचारतात, सांग आत्ता कुठे बसलाय? परवा झोपताना हळूच म्हणाला, "आई मला वाघ दिसतच नाही, मी नुसतं म्हणतो दिसतो, बाकीच्यांना खरंच दिसतो का गं?" मला काय बोलावं कळेना. वाघ नसतोच असं सांगितलं तर खेळ मोडतो, आणि गप्प बसले तर त्याला वाटणार की आपल्यातच काहीतरी कमी आहे. काय सांगू त्याला?

रानवाट
सरळ सांगा की वाघ नाहीये आणि खोटं बोलायचं नाही. आज वाघ, उद्या दुसरं काहीतरी. सवय लागते.

मोकळा_फळा
रानवाट, याला खोटं बोलणं म्हणणं मला पटत नाही. दीड-दोन वर्षांची मुलंसुद्धा रिकाम्या कपातून पितात आणि कप रिकामा आहे हे त्यांना चांगलं माहीत असतं, लुटुपुटूचं काय आणि खरं काय हे मुलांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच लवकर कळतं. पण कळलं म्हणजे संपलं असंही नाही. पॉल हॅरिस नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मधे चार आणि सहा वर्षांच्या मुलांना रिकाम्या खोक्यात राक्षस आहे अशी नुसती कल्पना करायला सांगितली. खोकं रिकामं आहे हे मुलांनी पाहिलेलं, तसं ती बोललीही, तरी एकटं सोडल्यावर काहीजण खोक्याशी जाऊन चाचपत होती, असेल तर? त्यामुळे तुमच्या मुलाचं "बाकीच्यांना खरंच दिसतो का" हे अगदी वयाला धरून आहे.

खरा प्रश्न मला दुसराच वाटतो. 2011 मधे हौन आणि टोमासेलो यांनी चार वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला, चौघांना सारखीच वाटणारी चित्रांची पुस्तकं दिली पण एकाच्या पुस्तकात काही चित्रं वेगळी होती. बाकीचे तिघं मोठ्याने एक उत्तर द्यायचे आणि हे चौथं मूल स्वतःच्या डोळ्यांनी दुसरंच बघत असूनही बऱ्याचदा त्यांच्यामागे जायचं. पण कुणाला कळणार नाही अशा पद्धतीने नुसतं बोट दाखवायला सांगितलं की बरोबर उत्तर जास्त वेळा यायचं! म्हणजे पोराचं डोकं जागेवर असतं, चौघांत वेगळं पडायची भीती असते, बस. तुमच्या मुलाने चारचौघांत "दिसतो" म्हटलं आणि अंधारात तुम्हाला खरं सांगितलं, तेच आहे हे. तुमच्याशी बोलला ही फार मोठी गोष्ट आहे.

निळी_शाई
मी लहानपणी "इथे काहीच नाहीये" म्हणणारी मुलगी होते. आमच्यात एक गुप्त दार होतं, मी म्हटलं भिंतच आहे ही, आणि मला खेळातून काढलं ते कितीतरी दिवस. घरी शाबासकी मिळाली खरं बोलले म्हणून, पण संध्याकाळी खेळायला कुणी नसायचं त्याचं काय? रानवाट, तुमचा सल्ला त्या पोराला एकटं पाडेल हो. खरं बोलायचा सगळा भार साडेसहा वर्षांच्या जिवावर कशाला टाकायचा?

शेवंती_आई
मोकळा_फळा, वाचून धीर आला. पण मग ग्रुपमधे त्याने करायचं काय? रोजची परीक्षा तर चालूच आहे.

मोकळा_फळा
सोबती शोधा त्याच्यासाठी. सॉलोमन अ‍ॅश यांनी 1951 मधे मोठ्या माणसांना रेषांची लांबी ओळखायला लावली होती, बाकी सगळे ठरवून चुकीचं सांगायचे, तर साधारण एक तृतीयांश वेळा माणसं डोळ्यांसमोरचं सोडून त्यांच्या मागे गेली. आणि त्या घोळक्यात एक, फक्त एकजण बरोबर बोलणारा ठेवला की हे प्रमाण कितीतरी खाली आलं. मोठ्यांची ही तऱ्हा!
आणि त्याला सांगा की वाघ कुणालाच डोळ्यांनी दिसत नाही, सगळे मनात बनवतात, तूही बनव. त्याचा वाघ लंगडा असू दे, झाडावर चढणारा असू दे. कुठे बसलाय विचारलं की मग ते उत्तर त्याचं स्वतःचं असेल.

निळी_शाई
+1. आणि बाकीच्यांनाही दिसत नाही हे त्याने ग्रुपमधे जाहीर करायची काही गरज नाही हेही सांगा, नाहीतर उत्साहात सांगून बसेल.

शेवंती_आई
आज दुपारी बोलले. वाघाला त्याने लगेच एक पिल्लू दिलं, आणि मग म्हणाला ग्रुपमधली एक मुलगी पण उत्तर द्यायच्या आधी नेहमी दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघते. तिला शनिवारी घरी खेळायला बोलावलंय, दोघंच.