मदत हवी आहे : एकिन (साउथ कॅरोलायना) येथे खोगीर-खरेदी आणि शाकाहारी जेवण

नमस्कार.

आम्ही शार्लट येथे राहतो. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मी, यजमान, १४ वर्षांची मुलगी आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई असे चौघे जण एकिन या गावी दोन रात्री मुक्काम करणार आहोत. कोलंबियामार्गे मोटारीने सुमारे अडीच तासांचे अंतर आहे. मुलगी गेली तीन वर्षे इंग्रजी पद्धतीची घोडेस्वारी शिकत आहे आणि या वर्षीपासून तिच्यासाठी आम्ही एक थरोब्रेड जातीचा घोडा निम्म्या भाड्याने घेतला आहे, म्हणजे आठवड्यातील तीन दिवस तो तिचा असतो. आता तिला स्वतःचे खोगीर हवे आहे.

एकिनच निवडण्याचे कारण असे की तेथे घोडा हा शोभेचा विषय नसून रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. चार्ल्सटनहून याच राज्यातील हॅम्बर्गपर्यंत १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या लोहमार्गामुळे हे गाव वसले आणि त्या रेल्वे कंपनीचे अध्यक्ष विल्यम एकिन यांचे नाव त्याला मिळाले. पुढे उत्तरेकडील धनिक मंडळी हिवाळा काढण्यासाठी येथे येऊ लागली. सौम्य थंडी आणि पाणी झटकन शोषून घेणारी वालुकामय जमीन घोड्यांच्या पायांना मानवते, हे ओळखून थॉमस हिचकॉक आणि त्यांच्या पत्नी लुईस यांनी या गावाला घोडेस्वारांचे गाव बनवले. व्हिटनी मैदानावर १८८२ पासून पोलो खेळला जातो. घोड्यांच्या वस्तीतील काही रस्ते मुद्दाम कच्चे ठेवले आहेत आणि एका चौकात रस्ता ओलांडण्याचे बटण खोगिरावर बसलेल्या माणसाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर बसवले आहे. हे बटण पाहण्याची उत्सुकता मुलीपेक्षा मलाच अधिक आहे.

आता अडचण सांगते. गेल्या वर्षी आम्ही एका संकेतस्थळावरून वापरलेले खोगीर मागवले होते. छायाचित्रात ते उत्तम दिसत होते, मापही मुलीच्या बेताचे होते; परंतु तासाभराच्या रपेटीनंतर ते उतरवले तेव्हा घोड्याच्या पाठीवरील घामाच्या ठशात, खांद्यामागे दोन्ही बाजूंना, दोन कोरडी बेटे दिसली. तेथे दाब पडत होता, असे शिक्षिकेने दाखवून दिले. परत पाठवण्याचा खर्च आमच्या माथी आला तो वेगळाच.

त्यामुळे माझे प्रश्न असे आहेत. घोडा सोबत नसताना, दीडशे मैलांवरच्या दुकानात जाऊन खोगीर घेणे शहाणपणाचे आहे का? घ्यायचे असल्यास तयारी कोणती करावी? आणि सासूबाई अंडेही खात नाहीत. दक्षिणेकडील पद्धतीच्या उपाहारगृहांत त्यांच्यासाठी काय मागवता येईल? दोन्ही वेळा पिझ्झा खाऊन परतावे, असे मला वाटत नाही.

प्रतिसाद १

खोगीर बसणाऱ्याच्या मापाचे नंतर आणि घोड्याच्या पाठीच्या मापाचे आधी असावे लागते. तुमच्याकडून गेल्या वेळी हा क्रम उलटा झाला. थरोब्रेड घोड्याचा खांद्यावरचा उंचवटा बहुधा उंच आणि पाठ अरुंद असते. खोगिराचा आतला सांगाडा रुंद असला तर ते पुढे खचते आणि उंचवट्यावर टेकते. मुलगी वर बसलेली असतानाही उंचवटा आणि खोगीर यांच्यामध्ये किमान दोन बोटे आडवी मावली पाहिजेत.

घोडा नेता येत नसेल तर त्याच्या पाठीचा आराखडा न्या. शिवणकामाच्या किंवा चित्रकलेच्या दुकानात मिळणारी, वाकवली की तशीच राहणारी पट्टी घ्या. खांद्याच्या हाडामागे सुमारे तीन बोटांवर ती आडवी दाबून बसवा आणि अलगद उचलून कागदावर आतली रेघ काढा. त्याच्या मागे चार-चार इंचांवर अशाच आणखी दोन रेघा आणि पाठीच्या लांबीची एक उभी रेघ घ्या. कागदावर डावी-उजवी बाजू आणि तारीख लिहायला विसरू नका, कारण व्यायाम वाढला की पाठ बदलते. एवढा कागद पाहून जाणता दुकानदार वीस खोगिरांतली सतरा बाजूला काढू शकतो.

उरलेली दोन-तीन आठवडाभर वापरून पाहण्यासाठी देण्याची पद्धत अनेक दुकानांत असते. पूर्ण किंमत कार्डावर रोखून ठेवतात आणि खोगीर निष्कलंक परत आले तर सोडतात. रिकिबीच्या पट्ट्यांचे वळ उमटू नयेत म्हणून झापांवर जुने मोजे चढवावेत. एकिन सॅडलरी या दुकानाला आधी दूरध्वनी करून ही सोय विचारून घ्या. वापरलेले खोगीर घ्यायला हरकत नाही, पण खालच्या गाद्या हाताने दाबून पाहा. त्यांत बहुधा लोकर असते आणि तिच्या गाठी झाल्या असतील तर ती काढून नवी भरावी लागते. खोगीरभरती हा शब्द आपण ज्या अर्थाने वापरतो त्याच्या नेमकी उलट किंमत या कामाला मोजावी लागते.

हेल्मेट मात्र वापरलेले कधीही घेऊ नका. एएसटीएम आणि एसईआय या सुरक्षा-मानकांच्या संस्थांची खूण असलेले, नवे आणि डोक्यावर बसवून पाहिलेलेच घ्या.

प्रतिसाद २

जेवणाबद्दल लिहितो. दक्षिणेत भाजी या शब्दावर विसंबू नये. कॉलर्डचा पाला आणि फरसबी पुष्कळदा डुकराच्या मांसासोबत शिजवतात, आणि बिस्किटांच्या (येथे या नावाने मिळणाऱ्या मऊ पावांच्या) पिठात चरबी असू शकते. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या. लोणी आणि चीज घालून मागवल्यास सासूबाईंना ओळखीच्या वाटतील, मात्र मांसाचा रस्सा घातलेला नाही ना, हे विचारावे. पिमेंटो चीज या चीज-मिरचीच्या मिश्रणामध्ये अंड्याचे मेयोनेझ असते, तेव्हा ते त्यांना चालणार नाही. तळलेल्या हिरव्या टोमॅटोंच्या आवरणात अंडे असते का आणि कोंबडी तळलेलीच कढई वापरतात का, हे दोन्ही विचारा. रस्त्याकडेला मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळाल्या तर निर्धास्त घ्या; साताऱ्याच्या माणसाला त्या समजावून सांगाव्या लागणार नाहीत. एक संध्याकाळ द विलकॉक्स या जुन्या हॉटेलासाठी राखून ठेवा, पण आरक्षण करतानाच आहार सांगा.

थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी दुकाने बंद असतील, म्हणून खरेदी शुक्रवारी सकाळीच उरका. गुरुवारी सकाळी सुमारे २,१०० एकरांच्या हिचकॉक वूड्स या जंगलात एकिन हाउंड्स या शिकार-मंडळाच्या कुत्र्यांना आशीर्वाद देण्याचा समारंभ असतो, तो चुकवू नका. तेथे जिवंत प्राण्याची शिकार होत नाही. आधी ओढून ठेवलेल्या वासाच्या मागावर कुत्री आणि स्वार धावतात, हे सासूबाईंना आधीच सांगा.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. बुधवारी दुपारीच निघण्याचे ठरवले आहे, म्हणजे गुरुवारचा समारंभ मिळेल. सासूबाईंनी कुत्र्यांना आशीर्वाद देतात हे ऐकून बैलपोळ्यासारखे काही असेल का, असे विचारले आणि मला नाही म्हणवले नाही.

हेल्मेट आणि तंग (खोगीर आवळण्याचा पट्टा) या वेळी नक्की घेऊ. खोगीर फक्त वापरून पाहण्यासाठी आणू. एक शंका उरते. आमचा घोडा उभा असताना डावा पुढचा पाय सतत सैल सोडतो. अशा वेळी पट्टीने घेतलेला आराखडा चुकतो का?

प्रतिसाद १

चुकतो. सपाट जमिनीवर चारही पायांवर सारखा भार टाकून आणि मान सरळ ठेवून त्याला उभे करा. कोणीतरी समोर गाजर घेऊन उभे राहिले तर बरे, फक्त ते रेघ काढून होईपर्यंत देऊ नका.