मदत हवी आहे: वॉर्निशने मॉडेल पांढुरकं पडलंय, रेझिनचा हातही टिकत नाही. रंग न काढता वाचवता येईल का?

नमस्कार मंडळी. दीड महिना ज्या एका मॉडेलमागे लागलो होतो ते शेवटच्या टप्प्यावर येऊन बिघडलंय. सविस्तर लिहितो, म्हणजे नेमकी चूक कुठे झाली ते तुम्हाला सांगता येईल.

मॉडेल २८ मिलिमीटर मापाचं आहे, सायन्स फिक्शन वॉरगेमिंगमधला (छोट्या मॉडेलांनी टेबलावर खेळायचे युद्धाचे खेळ) प्लास्टिकचा पायदळ सैनिक. उभा ठेवला तर अंगठ्याच्या पेरापेक्षा किंचित उंच. पण मला सैनिक नको होता, खाणीतला तंत्रज्ञ हवा होता. ज्याचा उजवा हात उत्खनन यंत्राखाली गेला आणि ज्याने त्याच यंत्राचा पंजा खांद्याला बसवून घेतला, असा माणूस. म्हणून बंदुकीसकट मूळ हात खांद्यापासून कापला आणि त्या जागी रेझिनचा (साच्यात ओतून घट्ट केलेलं वेगळ्या जातीचं प्लास्टिक) तीन बोटांचा पंजा लावला. पाठीवरच्या पिशवीला रणगाड्याच्या किटमधले उरलेले धुराचे नळकांडे लावले. खांद्यातून पाठीकडे जाणाऱ्या दोन केबल्स ग्रीन स्टफच्या (दोन रंगांच्या पट्ट्या एकत्र मळून वापरायची पुट्टी), हाताने वळून केलेल्या.

आता अडचणी.

पहिली, हात. सैनिक जोडायला वापरला तोच प्लास्टिक ग्लू मी पंजालाही लावला. रात्रभर ठेवल्यावर बसला असं वाटलं. नंतर रंगवताना पंजाला धरून मॉडेल फिरवलं आणि तो सरळ हातात आला. तोवर सगळं रंगवून झालं होतं, म्हणून घाईने त्याच जागी सुपरग्लू भरला, जरा जास्तच. चार दिवसांनी टेबलावर आडवं पडलं आणि पुन्हा सुटलं.

दुसरी, आणि जास्त जिव्हारी लागलेली, मॅट वॉर्निश. स्प्रेचा डबा घेऊन बाहेर गेलो, हवा दमट होती, पण काम संपवायची घाई होती. तासाभराने बघतो तर गडद निळं चिलखत धुक्यातून दिसावं तसं झालं होतं. खांद्याच्या सांध्याभोवती तर पिठी भुरभुरावी तसा वेगळाच पांढरा थर आहे.

मला सगळ्यात जास्त काळजी चेहऱ्याची आहे. तीन रात्री त्यावर गेल्या. डाव्या डोळ्याखालून जबड्यापर्यंत एक जुना व्रण आहे: आधी लालसर तपकिरी रेघ, ती सुकल्यावर तिच्या एका कडेला फिकट गुलाबी, जेमतेम केसाएवढी. पुन्हा हात तसाच चालेल याची मला खात्री नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून सगळा रंग उतरवायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची, हा सल्ला मी इतरत्र वाचलाय. तो शेवटचा उपाय म्हणून ठेवलाय. त्याआधी काही करता येईल का? रंग सगळे ॲक्रिलिक आहेत.

प्रतिसाद

आधी एक सांगतो: अल्कोहोलला हात लावू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून रंग शाबूत आहे, फक्त झाकला गेलाय.

तुमच्याकडे दोन वेगवेगळे पांढरे थर आहेत, त्यांची कारणंही वेगळी आहेत. चिलखतावरचं धुकं वॉर्निशचं. स्प्रेमधलं द्रावक झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतली वाफ त्या ओल्या थरावर बसते. थर सुकतो तो बारीक खडबडीत होऊन, आणि त्यावर प्रकाश विखुरतो म्हणून डोळ्यांना पांढरं दिसतं. डबा नीट हलवला नसेल किंवा फार लांबून फवारलं असेल तरी असंच होतं. खांद्याभोवतीची पिठी मात्र सुपरग्लूची आहे. जास्त ग्लू भरला की त्याची वाफ उठते, आसपास बसते आणि हवेतल्या ओलाव्याने तिथेच घट्ट होते. ती चोळून निघत नाही, उलट रंग खरवडला जाईल.

दोन्हींवर पहिला उपाय एकच: ब्रशने लावायचं चकचकीत ॲक्रिलिक वॉर्निश. ते खडबडीत खळगे भरून काढतं, प्रकाश विखुरणं थांबतं आणि खालचा रंग परत दिसू लागतो. आधी पिशवीच्या मागे, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे लावून बघा. जमलं तर अंगावर पातळ थर द्या. ब्रश मऊ हवा, आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवू नका, फेस येतो. एक दिवस पूर्ण सुकू द्या. मग मॅट वॉर्निश, तेही ब्रशनेच. चेहरा सगळ्यात शेवटी करा, तोवर हात बसलेला असेल.

तेल चोळायचा उपाय कुणीतरी सुचवेलच. धुकं जातं हे खरं, पण तेलावर पुढचं कुठलंच वॉर्निश धरत नाही. खेळताना हाताळायच्या मॉडेलवर मी तो कधीच करणार नाही.

आता हात. प्लास्टिक ग्लू हा खरं तर ग्लू नसतोच, तो पॉलिस्टायरीन, म्हणजे तुमच्या सैनिकाचं प्लास्टिक, विरघळवतो आणि दोन्ही बाजू एकमेकींत मिसळून घट्ट होतात. पॉलियुरेथेन रेझिन त्यात विरघळत नाही, म्हणून तुमचा पंजा नुसता टेकला होता. सुपरग्लू हेच बरोबर, पण सुकल्यावर तो ठिसूळ होतो, सरळ ओढलं तर धरतो आणि आडवा धक्का बसला की तडकतो. त्या धक्क्यासाठी आत पिन हवी.

असं करा: दोन्ही बाजूंचा जुना ग्लू ब्लेडने पूर्ण खरवडून काढा. पंजा कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने धुवा, साच्यातून काढताना रेझिनला तेलकट पदार्थ लागलेला असतो आणि बऱ्याचदा सगळा खेळ तोच बिघडवतो. खांद्यात हाताने फिरवायच्या पिन व्हाइसने १ मिमीचं, ४ ते ५ मिमी खोल भोक पाडा. भोकाच्या कडेला ओल्या रंगाचा ठिपका द्या आणि पंजा एकदाच टेकवा, समोरच्या बाजूला नेमकी जागा उमटते. तिथे दुसरं भोक. आत पेपरक्लिपचा तुकडा किंवा पितळी तार. पंजा भोकताना मास्क लावा आणि जागा ओलसर ठेवा, रेझिनची धूळ फुफ्फुसात जाता कामा नये. जोडताना पिनेभोवती ग्रीन स्टफची मुगाएवढी चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंना सुपरग्लूचा एकेक थेंब. फटही भरते, पकडही वाढते.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. एक विचारायचं होतं: ग्रीन स्टफच्या केबल्समध्ये गाठी आल्यात का? निळी आणि पिवळी पट्टी शेजारी चिकटून येते, त्यांच्या मधल्या सीमेवर दोन्ही आधीच एकमेकींत घट्ट झालेल्या असतात. ती एक-दोन मिलिमीटरची कड कापून टाकायची आणि मगच मळायचं. मळल्यावर अर्धा-पाऊण तास थांबून वळवलं की केबल चपटी पडत नाही. किंवा गिटारची गुंडाळीची जाड तार वापरा, तिच्यावरचे वेढे हुबेहूब चिलखती केबलसारखे दिसतात.

आणि सांधा दिसला म्हणून हिरमुसू नका. १९८७ साली वॉरहॅमर ४०,००० हा सायन्स फिक्शन वॉरगेम आला त्या काळात लोक डिओडरंटच्या रिकाम्या बाटल्यांपासून रणगाडे करत होते. जे हाती आहे त्यातून घडवणं हा या छंदाचा पायाच आहे. तुमच्या तंत्रज्ञाने पंजा स्वतः बसवून घेतलाय ना? मग सांध्यावर प्लास्टिकच्या पातळ पत्र्याची एक पट्टी आणि चार रिव्हेट द्या. ते त्याच्या हातचं काम वाटेल.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. सहा दिवसांनी लिहितोय, कारण या वेळी कुठेच घाई करायची नाही असं ठरवलं होतं.

चकचकीत वॉर्निशने पिशवीच्या मागचं धुकं दहा मिनिटांत विरलं, डोळ्यांवर विश्वास बसेना. मग पाय, छाती आणि पाठ. गाठींचा अंदाजही बरोबर होता, त्या केबल्स काढून टाकल्या आणि गिटारची तार लावली. पंजा धुतला तेव्हा पाण्यावर तेलकट तवंग आला. पहिलं भोक जरा तिरकं गेलं, ते पुट्टीने बुजवून शेजारी दुसरं पाडलं. आता पंजाला धरून मॉडेल उचलतो, उलटं करतो, हलवून बघतो, काही होत नाही. सांध्यावर पट्टी आणि तीन रिव्हेट बसवले, चौथ्याला जागा नव्हती.

चेहरा काल रात्री केला. ब्रशच्या टोकावर अगदी थोडं वॉर्निश घेऊन कपाळापासून खाली आलो. आधी भुवया दिसल्या, मग डोळ्यातला पांढरा ठिपका, आणि शेवटी व्रणाची गुलाबी कड. तशीच्या तशी आहे.

सुपरग्लूची पिठी मात्र खांद्याच्या खोबणीत अजून थोडी उरली आहे. आधी तिच्यावर निळा रंग मारणार होतो. आता तसं करत नाहीये. तिच्याच छटेची पांढरट राखाडी पावडर पंजाच्या बोटांवर आणि बुटांवरही लावतोय, दगडाची भुकटी म्हणून.